मला उकळले त्याची गोष्ट

नाक मुरडू नका मित्रांनो, पण मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासायचा नव्हे. बैठकीच्या खोलीत माशांची काचेची टाकी आहे, तिच्या मागच्या कोपऱ्यात, रुंद पानांच्या झाडाआड, मी तळाशी बसलेला असतो. माझ्या पोटात एक उभी नळी आहे. बाहेरचा छोटा पंप तिच्यात हवा सोडतो, बुडबुडे वर निघतात आणि त्यांच्या ओढीने टाकीतले पाणी माझ्या अंगातून आत शिरते. शिरताना आपला केर माझ्याकडे ठेवून जाते. दिवसरात्र हेच काम. सुट्टी नाही, जेवायची वेळ नाही, आणि तक्रार करावी तर ऐकणार कोण?

घरी पाहुणे आले की टाकीपुढे उभे राहतात. "काय सुंदर मासे!" म्हणतात. "झाडं खरी आहेत का हो?" असे विचारतात. खड्यांचे, दिव्याचे, अगदी टाकीखालच्या टेबलाचेही कौतुक होते. माझ्याकडे नजर गेली की म्हणतात, "आणि ते कोपऱ्यात काय पडलंय?" इतक्या वर्षांत मला फक्त एकदाच कुणीतरी सुंदर म्हटले, आणि नेमके त्याच वेळी टाकीतले मासे मरायला टेकले होते. ती हकिगत सांगावी म्हणून आज मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मोठ्या साच्यात दोन रसायने ओतली की ती फसफसून वर येत, आणि बघता बघता पलंगाएवढा मऊ ठोकळा तयार होई. त्या ठोकळ्यातून आम्हा भावंडांना कापून काढले, प्रत्येकाच्या पोटात एक भोक पाडले, पिशव्यांत कोंबले आणि ठिकठिकाणच्या दुकानांत पाठवून दिले. पुन्हा कधी आमची गाठ पडली नाही. तेव्हा माझा रंग निळा होता, अगदी लख्ख निळा. दुकानातल्या खिळ्याला टांगलेला असताना मी स्वतःला फार देखणा समजत असे.

ते दुकान माशांचे होते, आणि दुकानदाराला बोलण्याचा भारी सोस. एखादे गिऱ्हाईक दोन मासे घ्यायला आले, की त्याच्या गळ्यात औषधाच्या बाटल्या, रंगीत वाळू आणि प्लॅस्टिकचा किल्ला मारल्याशिवाय हा गृहस्थ त्याला सोडत नसे. एका संध्याकाळी खांद्याला अवजारांची पिशवी लावलेल्या एक बाई आत आल्या. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांनी किल्ल्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मला पिशवीतून काढून त्यांनी दोन बोटांत दाबून पाहिले.

"ताई, मासे नाही बघणार?" दुकानदाराने विचारले.

"मासे नंतर. आधी त्यांचं घर तर होऊ दे."

अशा तऱ्हेने त्या माझ्या मालकीणबाई झाल्या.

घरी आल्यावर त्यांनी टाकी अशा भिंतीशी ठेवली, जिथे उन्हाची तिरीपही येत नव्हती. टाकीवर ऊन पडू लागले की आत शेवाळ माजते. नळाच्या पाण्यात क्लोरीन घातलेले असते आणि ते माशांना बाधते, म्हणून पाण्यात औषधाचे थेंब घालून त्यांनी आधी क्लोरीन घालवले. तळाशी बारीक खडे पसरले, झाडे लावली, मला कोपऱ्यात बसवले, पंप सुरू केला. आणि मग काहीच केले नाही! आठवड्यामागून आठवडे गेले तरी टाकीत एकही मासा नाही. रोज चिमूटभर माशांचे खाणे मात्र त्या पाण्यात टाकत. ते तसेच कुजत पडे.

मालकीणबाईंचे यजमान, म्हणजे आमचे मालक, बेकरीत पाव भाजतात. त्यांना थट्टा केल्याशिवाय घास उतरत नाही. ते शेजाऱ्यांना सांगत, "आम्ही पाणी पाळलंय. फार गुणी आहे हो! भुंकत नाही, चावत नाही, नुसतं खातं."

खरे सांगायचे तर मलाही काही कळत नव्हते. पण हळूहळू माझ्या अंगात हालचाल सुरू झाली. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू पाण्यातून येऊन माझ्या भोकाभोकांत बिऱ्हाड थाटू लागले. मित्रांनो, मासे ज्या पाण्यात राहतात त्याच पाण्यात त्यांची शी-शू होते आणि उरलेले खाणेही त्यातच कुजते. त्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. माझे बिऱ्हाडकरू त्या विषावर जगतात, आणि शेवटी त्याचे झाडांना चालेल असे खत करून टाकतात. पण असे बिऱ्हाडकरू काही एका रात्रीत जमत नाहीत. ते जमावेत म्हणूनच मालकीणबाई थांबल्या होत्या. त्यांच्याकडे काचेची एक लहानशी नळी होती. तिच्यात टाकीतले पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर विष आहे असे समजायचे. कित्येक दिवस ते हिरवेच होत राहिले. मग एकदा पिवळे राहिले, दुसऱ्या दिवशीही पिवळेच राहिले, आणि मालकीणबाई पायात चपला सरकवून मासे आणायला निघाल्या.

मासेही त्यांनी ढीगभर आणले नाहीत. आधी थोडे काळे मॉली आणले. ते रुळल्यावर तळ चाळत फिरणारे मिशीवाले कॅटफिश आले, आणि शेवटी आला एक एंजल, रुपेरी अंगावर काळे पट्टे असलेला. हा पठ्ठ्या टाकीच्या मधोमध तरंगत राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा. मालकांनी त्याचे नाव इन्स्पेक्टर ठेवले.

पुढचे दिवस सोन्याचे होते. मासे पटकन फस्त करतील एवढेच खाणे त्यांना मिळे. दर आठवड्याला मालकीणबाई लांब रबरी नळीने तळाचा गाळ ओढून घेत आणि थोडेसे पाणी बदलत. सगळे पाणी कधीच काढत नसत. त्याच काढलेल्या पाण्यात अधूनमधून मला बुडवून हलकेच पिळत, म्हणजे साठलेला केर निघून जाई आणि बिऱ्हाडकरूंना धक्का लागत नसे. माझा निळा रंग केव्हाच गेला होता. मी तपकिरी झालो, बुळबुळीत झालो, आणि मला त्याचे काही वाटेनासे झाले. अंगात एवढे नांदते गोकुळ असताना रंग कोण बघत बसतो!

आणि मग मालकांच्या आई आमच्याकडे राहायला आल्या.

त्या नर्स होत्या. ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. निवृत्त झाल्या होत्या, तरी आठवडाभरात सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांचा हात लागला की टॉवेलांच्या कडा जुळत आणि चमचे एका रांगेत निजत. त्यांच्यासमोर कुणी उघड्या तोंडाने शिंकले, तर त्या त्याच्याकडे अशा पाहत की बिचारा मनातल्या मनात माफी मागे. "थोडे दिवस राहते," असे म्हणून आल्या होत्या, पण आपले जुने घर कायमचे सोडून आल्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते.

पंचाईत अशी झाली, की या घरात त्यांच्यासाठी काही कामच उरले नव्हते. स्वयंपाक मालक करत. नळ गळला, दिवा गेला, कपाटाचे दार कुरकुरले, की सुनेचा पाना तयार. सिस्टर भाजी चिरायला बसल्या की मालक सुरी काढून घेत. "ठेव गं आई, आयुष्यभर राबलीस." झाडू हातात घेतला की सून म्हणे, "आई, तुम्ही आराम करा." दोघे मनापासून बोलत होते, त्यात खोट नव्हती. पण सून कामावर गेली आणि लेक बेकरीतून येऊन झोपला, की सिस्टर टाकीपुढे खुर्ची ओढून बसत.

"आराम करा म्हणे," त्या इन्स्पेक्टरला सांगत. "आराम कसा करतात रे? तुला येतो का?"

इन्स्पेक्टर काचेपाशी येऊन त्यांच्याकडे बघत राही. इकडे कोपऱ्यात माझा जीव तुटत असे. काम नसले की काय होते, ते खिळ्याला टांगलेल्या स्पंजाइतके कुणाला कळणार?

एकदा मालकीणबाईंना नव्या तऱ्हेच्या लिफ्टचे काम शिकायला परगावी जायचे होते. मालकांनीही रजा काढली. "माशांना चिमूटभर खायला घाला, आई. बाकी तुम्ही काही करू नका," असे सांगून दोघे निघून गेले. शेवटचे वाक्य त्यांनी बोलायला नको होते. ते परतायच्या आदल्या दिवशी सिस्टर टाकीशी आल्या, काचेला नाक लावून आत वाकल्या, आणि त्यांना झाडामागे मी दिसलो.

"अगंबाई! हे काय?" त्या माशांना म्हणाल्या. "असलं घाणेरडं उशाला घेऊन झोपता तुम्ही?"

मग त्यांनी कोपरांपर्यंत हात धुतले आणि कामाला लागल्या. इतका काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही. टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत त्यांनी एकेक मासा अलगद सोडला, एकाचेही खवले दुखावले नाहीत. नव्या पाण्यात सुनेसारखेच मोजून थेंब घातले. थर्मामीटर लावून दोन्ही पाणी सारखेच कोमट असल्याची खात्री केली. काच पुसली, पाने पुसली. यात काडीचीही चूक नव्हती. आणि मग त्यांनी चुलीवर मोठे पातेले चढवले. ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे उकळावेत, तसे त्यांनी आधी खडे उकळले आणि मग मला.

मित्रांनो, उकळत्या पाण्यात पडल्याचे मला विशेष दुःख नाही, माझी कातडी जाड आहे. पण माझ्या अंगातली लाखो बिऱ्हाडे एका झटक्यात संपली. आतली सगळी लगबग थांबली आणि मी अगदी पोकळ झालो. मला ओरडता आले असते तर मी इमारत डोक्यावर घेतली असती. पातेल्याशी उभ्या असलेल्या सिस्टर मात्र घाम पुसत गाणे गुणगुणत होत्या. आमच्याकडे आल्यापासून त्या पहिल्यांदाच गुणगुणत होत्या. आता अशा बाईवर रागवायचे तरी कसे?

दुसऱ्या दिवशी दोघे परतले तेव्हा टाकी झगझगत होती. खडे आकाराप्रमाणे लहान-मोठे लावलेले होते.

"आई, काय हे! दुकानात पण अशी टाकी नसते," मालक म्हणाले. शेजारच्या काकूंना बोलावून आणले. काकूंनी तोंडात बोट घातले आणि म्हणाल्या, "तो निळा स्पंज तर किती सुंदर दिसतोय!"

निळा हा शब्द ऐकून मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी वळून सासूबाईंकडे पाहिले. सिस्टर दाराशी उभ्या होत्या, कोरडे झालेले हात टॉवेलाला पुन्हा पुन्हा पुसत होत्या आणि सून काय म्हणते याची वाट पाहत होत्या.

"छान झालंय, आई," मालकीणबाई म्हणाल्या.

मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि मायाही आली. त्यांनी गुपचूप माशांचे खाणे बंद केले आणि दोन बादल्या पाणी तयार करून ठेवले. नवऱ्याच्याही कानावर घातले नाही. पण विषाला कुणाची भीडभाड नसते. माशांची घाण पाण्यात साठत होती आणि ती खायला माझ्याकडे कुणी उरले नव्हते. पुढच्या दोन दिवसांत पाणी दुधाळ झाले. मॉली वर येऊन तोंडे उघडी टाकून श्वास घेऊ लागले. सकाळी त्यांतला एक उलटा तरंगताना सिस्टरांनाच दिसला. मग आणखी एक.

मालकीणबाई घाईघाईने जाळी घेऊन आल्या. "होतं असं कधीकधी, आई. मासे नाजूकच असतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "पेशंटच्या घरच्यांशी कसं बोलतात ते मला चांगलं माहीत आहे, आणि तू आत्ता तसंच बोलतेयस. काय केलं मी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मालकीणबाईंनी खुर्ची ओढली, सासूबाईंना बसवले आणि सगळे सांगितले. मी काय करतो, माझ्या अंगात कोण राहत होते, ते कसे गेले. सिस्टर ऐकत राहिल्या.

"थिएटरमध्ये एक जंतू राहिला तरी माणूस हातचा जातो गं," शेवटी त्या म्हणाल्या. "जन्मभर तेवढंच केलं मी. एकही राहू द्यायचा नाही. आणि इथे एकही राहू दिला नाही, म्हणून हे मरतायत?"

मालकीणबाईंनी त्यांचा हात धरला. सिस्टरांनी तो हळूच सोडवून घेतला आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या खोलीचे दार आमच्या टाकीला लागूनच आहे. आतून त्या कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. त्यांची एक जुनी मैत्रीण निवृत्त नर्सच्या वसतिगृहात राहते. "माझ्यासाठी एक खोली बघून ठेव," सिस्टर म्हणाल्या. "नाही, लगेच नाही. इथे माझ्या हातून एक घोटाळा झालाय. तो अर्धवट टाकून नाही येणार मी. निस्तरला की येते."

संध्याकाळी मालक बायकोपाशी येऊन उभे राहिले. थट्टा कुठल्या कुठे पळाली होती. "आईला राहा म्हटलं तर म्हणते, कशाला राहू? आता याला काय उत्तर देऊ मी?"

मालकीणबाईंनी पायात चपला सरकवल्या. त्या सरळ माशांच्या दुकानात गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी घरी आल्यावर सांगितले. दुकानदाराने बाटली पुढे केली होती, "हे न्या ताई, एका दिवसात टाकी चकाचक!" मालकीणबाई म्हणाल्या, "चकाचक झाली तोच तर घोटाळा आहे. ज्या टाकीतले मासे ठणठणीत आहेत, त्या टाकीतला सगळ्यात जुना स्पंज मला पिळून द्या." घाणीला गिऱ्हाईक आलेले त्याने जन्मात पाहिले नसावे. पण दिले बिचाऱ्याने, आणि मालकीणबाई गढूळ, तपकिरी पाण्याची फुगलेली पिशवी बसमधून मांडीवर घेऊन आल्या.

सिस्टरांनी पिशवी दोन बोटांत धरून दिव्यापुढे उचलली. "हे ओतायचं? आजारी माशांच्या पाण्यात?"

"स्पंजवर ओतायचं, आई."

"अगं, पण हे..."

मालक स्वयंपाकघरातून म्हणाले, "आई, विरजणाशिवाय दही लागतं का?"

सिस्टरांनी बाह्या सरसावल्या. "असं सांगायचं ना मग," त्या म्हणाल्या, आणि पिशवीची गाठ सोडून ते पाणी त्यांनी माझ्या डोक्यावर धार धरून ओतले. ती धार अंगात मुरत गेली तेव्हा जे हायसे वाटले, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. कुणीतरी राहायला आले होते. थोडेच होते, दमलेले होते, पण आले होते.

विरजण लागायला वेळ हा द्यावाच लागतो. तोवर माशांना जगवायचे कुणी? ते काम सिस्टरांनी आपल्याकडे घेतले आणि आमच्या टाकीचा अतिदक्षता विभाग झाला. सकाळी आणि संध्याकाळी त्या थोडे विषारी पाणी काढून तेवढेच ताजे पाणी घालत, थेंब मोजून, कोमट करून, आणि इतक्या सावकाश की तळाचा खडाही हलत नसे. खाणे जवळजवळ बंदच. दिवा मंद. टाकीजवळ मोठ्याने बोलायला बंदी. मालक एकदा शिट्टी वाजवत आले, तर त्यांना खोलीबाहेर काढले. मग त्या काचेची नळी भरत, थेंब टाकत आणि उजेडात धरत. पाणी हिरवे. पुन्हा पाहिले तरी हिरवेच.

आणखी एक मॉली गेला. कॅटफिश कसेबसे तग धरून होते. इन्स्पेक्टर पंख मिटून तळाशी एका अंगावर पडला होता, आणि त्याचे कल्ले लालभडक होऊन भराभर हलत होते. सिस्टर खुर्ची काचेपाशी ओढून त्याच्याशी बोलत बसत. "श्वास घे. हं, असा. आता पुढचा घे." तो माझ्या अगदी जवळ पडलेला असे, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. मला वाटे, हा गेला तर ही बाई या घरात एक दिवसही राहणार नाही. मी जिवाच्या कराराने पाणी ओढत होतो. त्याहून जास्त माझ्या हातात काय होते?

मग केव्हातरी माझ्या अंगात पुन्हा लगबग वाटू लागली. इकडे एक बिऱ्हाड, तिकडे शेजार, बघता बघता सगळी वस्ती. मी कडेकडेने तपकिरी दिसू लागलो. एका सकाळी सिस्टरांनी नळी उजेडात धरली आणि चष्मा पुसून पुन्हा धरली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा इकडे ये. मला पिवळं दिसतंय. तू बघ, माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नाही."

"पिवळंच आहे, आई."

पाठोपाठच्या दिवसांतही ते पिवळेच राहिले. इन्स्पेक्टर आधी सरळ झाला, मग वीतभर वर आला. आणि एकदा सिस्टरांनी टाकलेला खाण्याचा कण त्याने पाण्यावर येऊन मटकावला. सिस्टर रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, आणि "नर्सने रडायचं नसतं," असे म्हणत रडल्या. मालकही डोळे पुसत होते आणि कांदा चिरल्याची थाप मारत होते. कांदा तेव्हा घरात नव्हता.

सगळे आनंदात होते, पण त्या रविवारी सकाळी सिस्टरांची बॅग दाराशी येऊन उभी राहिली. घोटाळा निस्तरला होता. दुपारी निघायचे ठरले होते. मालक चहाचा कप हातात धरून बसले होते, चहा गार होत होता.

मालकीणबाई पाणी बदलत होत्या. उकळल्यानंतर मला पहिल्यांदाच धुवायचा दिवस होता. त्यांनी टाकीतले पाणी बादलीत काढले, मला नळीवरून सोडवून तिच्यात ठेवले, एवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत माणसे होती.

त्यांनी हात पुसले, अवजारांची पिशवी खांद्याला लावली. "आई, मला निघायला हवं. स्पंज धुवायचा राहिलाय, तेवढा धुऊन टाका."

मालक खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, मी धुतो की, तू..."

"तू चहा पी. आई धुतील."

टाकीच्याच पाण्यात धुवा, हलकेच पिळा, उकळू नका, यातले एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत. दारातून मागे वळूनही पाहिले नाही. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज उतरत गेला, आणि मग तोही थांबला.

सिस्टर बादलीपाशी उभ्या होत्या. खोटे कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला होता. त्या खाली बसल्या, दोन्ही हात पाण्यात घातले आणि मला हातात घेतले. त्यांनी मला हलकेच दाबले आणि सोडले. पुन्हा दाबले आणि सोडले. केराचा ढग बादलीत उतरला. माझी माणसे आपापल्या जागी राहिली. मग त्यांनी मला नळीवर बसवले, कोपऱ्यात ठेवले आणि बुडबुडे वर येईपर्यंत हात पाण्यातच राहू दिला.

थोड्या वेळाने आतला फोन वाजला. मैत्रिणीचा होता, किती वाजता येतेस म्हणून विचारायला.

"नाही जमणार गं यायला," सिस्टर म्हणाल्या. "मला इथे ड्यूटी लागलीय."

मालकांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, उठले आणि दाराशी असलेली बॅग आत नेऊन ठेवली.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माशांची टाकी असेल किंवा येणार असेल, तर एवढे माझ्यासाठी करा. मासे आणायची घाई करू नका, आधी आम्हाला वस्ती करू द्या. भरपूर खाऊ घालून प्रेम दाखवू नका. पाणी थोडे थोडे बदला. आणि माझ्यासारखा एखादा कळकट म्हातारा कोपऱ्यात दिसला, तर त्याला नळाखाली धरण्याआधी त्याच्या पोटात कोण कोण राहते ते कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या घरात एखाद्या माणसाच्या हातून मोठी चूक झालीच, तर त्याला समजवा, हवे तर रागवा, पण तेच काम पुन्हा त्याच्याच हातात द्या, आणि देताना मागे वळून पाहू नका.

आता मला थांबायला हवे. सिस्टर बाह्या सरसावून बादली घेऊन आल्या आहेत, आणि काम चालू असताना कुणी बडबड केलेली त्यांना अजिबात खपत नाही.